शिकवलेलं हातात किती उरतं?



आपल्यापैकी बरेच जण नोकरी करत असतील. नसेल, तर घरातलं कोणीतरी नक्कीच करत असेल. तेव्हा 'ट्रेनिंग' हा शब्द काही कोणाला नवा नाही. बँकेत नवी संगणकप्रणाली आली, कारखान्यात सुरक्षा सप्ताह आला, शाळेत अभ्यासक्रम बदलला, की प्रशिक्षण आलंच. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं, पडद्यावर एकामागून एक स्लाइड दाखवायच्या, मध्ये चहा-बिस्किटं, दुपारी जेवण आणि संध्याकाळी एक कागद भरून घ्यायचा, 'कार्यक्रम कसा वाटला?' आपण 'उत्तम'वर खूण करतो आणि घरी जातो. आता मला सांगा, त्या दिवशी शिकवलेल्या गोष्टींपैकी आज काय आठवतं? जेवणात गुलाबजाम होते, हे बहुतेकांना आठवतं!

कारखान्यांतल्या कामगारांसाठी प्रशिक्षण आखणं आणि घेणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. आणि काही वेळा तो समोरच्याच्या जिवाचाही असतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकानं १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, लोकांना ते आवडलं का? दुसरी, ते काही शिकले का? तिसरी, शिकलेलं कामात उतरलं का? आणि चौथी, त्यामुळे कामात काही फरक पडला का? आपला तो संध्याकाळचा कागद पहिल्या पायरीवरच थांबतो. प्रशिक्षण आवडलं म्हणजे ते लक्षात राहिलं, असं आपण गृहीत धरतो. या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच, असं नाही.

याचं एक फार बोलकं उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्यातलं आहे. पत्रांची वर्गवारी यंत्रावर होऊ लागली, तेव्हा पोस्टातल्या माणसांना टंकलेखन शिकवण्याची गरज पडली. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला दिवसातून एकच तास सराव दिला. दुसऱ्या टोकाच्या गटाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे दिवसाला चार तास. १९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक तास शिकणाऱ्यांना कळफलक यायला सुमारे ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना जवळजवळ ५० तास. म्हणजे थोडं थोडं शिकणाऱ्यांनी कमी कष्टात काम साधलं. पण आपल्या वर्गाबद्दल समाधान कोणाचं कमी होतं, तर याच एक तासवाल्यांचं! कारण उघड आहे. चार तासवाल्यांचं काम थोड्या दिवसांत उरकत होतं आणि यांचं आठवडेच्या आठवडे चाललं होतं. त्यांना वाटलं, आपण मागे पडतोय.

आपल्याकडच्या व्यवस्थापकांचंही नेमकं हेच म्हणणं असतं. ''मॅडम, एका दिवसात सगळं उरकून टाका. सारखी सारखी माणसं मशीनवरून उठवता येत नाहीत.'' त्यांची अडचण खोटी नाही. उत्पादनाचा हिशेब त्यांना द्यायचा असतो. पण एका दिवसात ओतलेलं किती टिकतं, हा हिशेबही मांडायला हवा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली तो मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती विसरलो ते मोजायचं, असे प्रयोग त्यानं स्वतःवरच केले. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली असे. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश उरे. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावत जाई. आपल्या कामातल्या गोष्टींना अर्थ असतो, त्यामुळे त्या इतक्या झपाट्यानं पुसल्या जात नाहीत. पण घसरण सुरुवातीलाच मोठी असते, हे खरंच. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत त्या गोष्टीकडे पुन्हा यायला हवं.

पुन्हा यायचं म्हणजे तीच स्लाइड परत दाखवायची का? नाही. विचारायचं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो सुरुवातीलाच वाचून घेतला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठवण्याचा प्रयत्न करणं हेच एक शिकणं आहे.

आता हे कारखान्यात कसं आणायचं? मी एकच उदाहरण घेते. भिंतीवरचं ते लाल सिलिंडर, फायर एक्स्टिंग्विशर. आपण रोज त्याच्याजवळून जातो. पण किती जणांनी ते हातात घेतलंय? कोरड्या पावडरीचं नेहमीचं छोटं सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. आग लागल्यावर त्यावरच्या सूचना वाचत बसायला वेळच नसतो. जे काय यायचं, ते हाताला आधी आलेलं असावं लागतं.

एका कारखान्यात यावर दिवसभराचा वर्ग ठरला होता. मी म्हटलं, तेवढेच तास द्या, पण तुकडे करून द्या. बारा-बारा माणसांच्या तुकड्या केल्या. पहिल्या दिवशी मोकळ्या पटांगणात, अग्निशमनाची जाणकार माणसं हजर ठेवून, लोखंडी ट्रेमध्ये छोटी आग लावली आणि प्रत्येकाच्या हातात सिलिंडर दिलं. पिन काढा. नळीचं तोंड ज्वाळांवर नको, आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवत न्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, बाहेर जायची वाट आपल्या पाठीशी ठेवा. आग आवाक्याबाहेरची दिसली, तर सिलिंडर टाका आणि बाहेर पडा.

कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी मागे मागे सरकत होत्या. ''मला नको बाई, फुटलं-बिटलं तर?'' त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीनं आधी करून दाखवलं, मग त्या पुढे आल्या. आग विझली. मावशी सिलिंडरकडे बघत म्हणाल्या, ''अगं बाई, एवढंच होतं होय!'' आणि पुढच्या तुकडीला त्याच सांगायला लागल्या, ''घाबरू नका रे, आधी पिन काढा.'' प्रशिक्षण आवडणं म्हणजे काय, हे त्या क्षणी मावशींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विनोद, खेळ, गाणी यांना माझा विरोध नाही. त्यानं वर्गातला ताण हलका होतो. पण मोठ्या माणसाला खरा आनंद होतो तो 'मला जमलं' याचा.

आठवड्यानं मी त्यांच्या कामाच्या जागी गेले. वर्ग नाही, फळा नाही. फक्त प्रश्न. ''इथून सगळ्यांत जवळचं सिलिंडर कुठं आहे? विजेच्या पॅनेलला आग लागली तर पाणी चालेल का?'' चालत नाही. तिथं कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर लागते. ज्याला आठवलं नाही, त्याला शेजारचा सांगे. गुण नाहीत, नावं लिहून घेणं नाही. परीक्षा म्हटलं की शाळेतली छडी आठवणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. चारचौघांत त्यांची फजिती केली, की ती पुढच्या वेळी तोंडच उघडत नाहीत. महिन्यानं पुन्हा एक फेरी मारली. तेव्हा मावशींनी मला कोठीच्या खोलीत नेलं. ''मॅडम, हे बघा, सिलिंडर तांदळाच्या पोत्यांमागे गेलंय. वेळेला हात कसा पोचायचा?'' पोती त्याच दिवशी हलली. कर्कपॅट्रिकची तिसरी पायरी ती हीच.

यात माझी हुशारी फारशी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी माणसांची रीघ लागली. त्यांना शिकवणाऱ्या मुकादमांसाठी सरकारनं एक कार्यक्रम आखला. त्याच्या चारच पायऱ्या होत्या. शिकणाऱ्याची तयारी करा, काम सांगून आणि दाखवून समजवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर मधून मधून जाऊन बघा. त्यात एक झकास प्रात्यक्षिक असे. विजेच्या वायरीला मारायची एक गाठ आधी नुसती तोंडी सांगायची. ती कोणालाच यायची नाही. मग न बोलता नुसती करून दाखवायची. तरी येत नसे. मग चारही पायऱ्यांनी शिकवायची, आणि ती जमायची. नुसतं सांगणं आणि नुसतं दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मुकादमांना भाषणाशिवाय पटत असे. कामगार शिकला नसेल तर शिकवणारा कमी पडला, हा त्या कार्यक्रमाचा दंडक होता. आपल्याकडे मात्र 'एवढं सांगूनही यांच्या डोक्यात शिरत नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो!

कधी कधी तर माणसाला शिकवण्याआधी साधन बदलावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आपल्याला माहीत आहे. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्यांनी काय करायचं? त्यांना आधी अंकगणित शिकवत बसण्याऐवजी बंग दांपत्यानं एक साधं उपकरण तयार केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर बाळाला धोका आहे. अवघड भाग साधनानं उचलला, आणि माणसाला त्याला येतं तेवढ्याच बळावर मोलाचं काम करता आलं. प्रशिक्षण आखणाऱ्यानं हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा. हे खरोखर लक्षात ठेवायलाच हवं का, की जागेवर एखादी खूण, एखादा रंग, एखादी पाटी लावून भागेल?

श्रोते हो, आपल्यापैकी कोणी कारखान्यात असेल, कोणी दुकानात नवा मुलगा कामाला ठेवला असेल, कोणी घरी सुनेला किंवा मुलाला गॅसचा रेग्युलेटर बंद करायला शिकवत असेल. एकच गोष्ट घ्या. सांगा, दाखवा आणि लगेच त्याच्या हातून करून घ्या. चार दिवसांनी पुन्हा विचारा, महिन्यानं पुन्हा. रोजची दहा मिनिटं पुरतात. शिकणारा कंटाळला, तर पहिल्या दिवशी त्याला किती येत होतं आणि आज किती येतंय, हे त्याला दाखवा. त्या टपालवाल्यांना बहुधा हेच कोणी दाखवलं नसावं.

आणि उद्या कामावर गेलात की आपल्या जागेजवळचं ते लाल सिलिंडर शोधा. त्याच्या पुढ्यात पोती, खुर्च्या, खोकी नाहीत ना, हे बघा. त्यावर काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघा. मग शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, ''हे कसं वापरायचं, येतं का रे तुला?'' त्याला येत नसेल, तर त्याचं प्रशिक्षण तिथूनच सुरू करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)