कवीने न वाचलेला कागद

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आकाशवाणीवर बोलावलं की बहुधा कवितेवर बोलायचं असतं. आज मात्र मी एका बिलावर बोलणार आहे. मोटारगाडीच्या दुरुस्तीचं बिल. तुम्ही म्हणाल, कवीला बिलाचं काय पडलंय? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर फसलो.

मी तीर्थपुरीचा. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. आमच्याकडे विमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पीकविमाच येतो. २०२३च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळायचा, तेव्हा सेवा केंद्रांपुढे रांगा लागायच्या. २०२५च्या खरिपात ती सवलत बंद झाली. कापूस गेला, सोयाबीन गेलं, मोसंबी गळाली आणि भरपाई किती, तर हातात आल्यावर हसावं की रडावं कळत नाही, हा अनुभव आमच्या पारावर रोज सांगितला जातो. तो ऐकत मी मोठा झालो. तरी माझ्या गाडीच्या विम्याचा कागद मी कधी उघडून पाहिला नव्हता.

गोष्ट ऊसतोडीच्या हंगामातली आहे. अंबडला कविसंमेलन होतं. रात्री उशिरा एकटाच परत निघालो. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात डोळे दिपले आणि ब्रेक लावेपर्यंत गाडी ट्रॉलीवर जाऊन आदळली. उसाची टिपरी पुढची काच फोडून आत आली. मला खरचटलं, बाकी काही नाही. अल्लाहची मेहेरबानी. गाडीचं तोंड मात्र पार चेमटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून जालन्याला नेली. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी विचारलं, "चाचा, इन्शुरन्स आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग काळजी सोडा, कॅशलेस करून टाकू." कॅशलेस! इतका गोड शब्द मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला, पैसे लागणार नाहीत. सर्वेअर येऊन फोटो काढून गेले. मी निश्चिंत झालो.

अठरा दिवसांनी फोन आला, गाडी तयार आहे. गेलो. मिस्त्रींनी कागद पुढे केला. एकूण बिल ५५,००० रुपये. त्यातले कंपनी देणार ३२,४००. उरलेले २२,६०० मी द्यायचे. सांगून ठेवतो, हिशेब ऐकायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

घरी अम्मीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी २५,००० रुपये बाजूला ठेवलेले होते. तारीखही ठरली होती. तेच पैसे मागवून घेतले. मिस्त्रींचा काही दोष नव्हता. त्यांनी पत्रा, रंग, सुटे भाग सगळं घातलं होतं. ते म्हणाले, "चाचा, या पावतीवर सही करा, मग चावी." पावतीवर इंग्रजीत लिहिलं होतं की मला मिळालेली भरपाई पूर्ण आणि अंतिम असून मी समाधानी आहे. एवढं मात्र त्या दिवशी मी वाचलं. सही केली आणि तिच्याखाली मराठीत एक ओळ लिहिली, "कपातीबद्दल हरकत राखून सही करीत आहे." एका ओळीचा केवढा उपयोग झाला, ते पुढे सांगतो.

घरी आल्यावर बेगम म्हणाल्या, "पढे थे क्या, दस्तखत करने से पहले?" त्यांचा रोख त्या पावतीवर नव्हता, चार वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर होता. मी गप्प. अम्मी आतून म्हणाल्या, "जाने दो, मेरी आँख कहीं भागी नहीं जा रही." ते वाक्य मला बिलापेक्षा जड गेलं.

त्या रात्री पॉलिसी काढली आणि भिंग घेऊन बसलो. आमच्याच तालुक्यातल्या जांब समर्थला रामदासांचा जन्म झाला. अक्षर कसं लिहावं यावर त्यांनी दासबोधात एक अख्खा समास खर्ची घातला आहे. वाचणाऱ्याला सुख व्हावं, ही त्यामागची कळकळ. पॉलिसी छापणाऱ्यांनी तो समास बहुधा वाचला नसावा.

पण वाचत गेलो तसं कळत गेलं. गाडी अपघातात मोडली तर जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो. जुन्याची जी झीज झालेली असते, तिचा पैसा कंपनी देत नाही. याला घसारा म्हणतात. तो मनाला येईल तसा कापायचा नसतो. त्याचा तक्ता ठरलेला आहे. २००२च्या मोटार दरपत्रकातून आलेला हा तक्ता खासगी गाड्यांच्या पॉलिसींत छापलेला असतो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५०. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये.

माझी गाडी चार वर्षं पूर्ण झालेली. प्लॅस्टिकचे भाग १४,००० रुपयांचे, त्यातले ७,००० माझे. पत्र्याचे भाग १६,००० रुपयांचे, त्यातले ३५ टक्के म्हणजे ५,६०० माझे. वरचे १,००० माझे. मजुरीचे ७,००० कंपनीने पूर्ण दिले होते. इथपर्यंत कंपनीचं बरोबर होतं, आणि मी उगाच रागावलो होतो. हे कबूल करायला हवं. घसारा नको असेल तर जादा हप्ता भरून तसं कलम घेता येतं, लोक त्याला 'झिरो डेप' म्हणतात. पॉलिसी घेताना एजंटाने मला ते विचारलंही असेल. मीच हप्ता कमी बसेल ते करा म्हणालो असेन.

पण दोन ठिकाणी काटा अडला. पुढच्या काचेचे ६,००० रुपये. ती काच प्लॅस्टिकच्या यादीत टाकून तिचे ३,००० कापले होते. काचेवर तर घसारा नाही! दुसरं, रंगकाम. त्याचं बिल १२,०००, आणि कंपनीने सरळ निम्मे, ६,००० कापले. पॉलिसीत मात्र लिहिलं होतं की रंगाच्या कामात घसारा फक्त रंगसाहित्याच्या किमतीवर लावायचा, आणि बिल एकठोक असेल तर साहित्य एकूण रकमेच्या २५ टक्के धरायचं. म्हणजे १२,०००चे २५ टक्के ३,०००, त्याचे निम्मे १,५००. माझ्याकडून साडेचार हजार जास्त गेले होते. दोन्ही मिळून ७,५००. २२,६०० नव्हे, १५,१०० हा माझा खरा वाटा होता.

मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीत पत्र लिहिलं. रागाचा एकही शब्द घातला नाही. पॉलिसीचा क्रमांक, दाव्याचा क्रमांक, तक्त्यातलं कलम, माझा हिशेब. सोबत सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हेही तेव्हाच कळलं. पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: काचेचे ३,००० देत आहोत, नजरचुकीने कापले गेले, रंगाबाबत मात्र आपण पूर्ण समाधानाची सही केलेली आहे.

आता ती माझी मराठी ओळ कामाला आली. तिची झेरॉक्स जोडून पुन्हा लिहिलं. एका वकील मित्राने सांगितलं की ओळ नसती तरी सगळं संपलं नसतं. दबावाने किंवा दिशाभूल करून घेतलेल्या अशा पावतीमुळे ग्राहकाचा दावा बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलं आहे. फक्त तो दबाव मग आपल्याला सिद्ध करावा लागतो. त्यानेच आणखी एक गंमत सांगितली. विम्याच्या करारात एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर न्यायालय तो ग्राहकाच्या बाजूने लावतं, कारण शब्द लिहिणारी कंपनी असते. मी म्हटलं, वा! आमच्याकडे एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर श्लेष म्हणून दाद मिळते.

दुसऱ्या पत्राला उत्तर नाही. मग विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी केली. १९९८च्या नियमांनी ही लोकपालांची व्यवस्था देशात आली. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. शिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहेच. १९८६च्या कायद्याने आलेलं हे दार २०१९च्या नव्या कायद्यातही उघडं आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही शुल्क नाही.

लोकपालांचा अर्ज लिहून पाकिटात घातला होता. तेवढ्यात कंपनीतून एका तरुणाचा फोन आला. बोलणं अदबीचं. म्हणाला, "सर, रंगाचं बिल एकठोक होतं, हे फाईलमध्ये दिसत नव्हतं. गॅरेजकडून लिहून आणाल का?" मिस्त्रींनी दोन ओळी लिहून शिक्का मारून दिल्या. दहा दिवसांत साडेचार हजार खात्यात जमा झाले. मी त्या तरुणाला फोन करून आभार मानले. तो जरा थांबून म्हणाला, "सर, निम्मे कापतात आणि लोक भरून जातात. कुणी विचारतच नाही."

श्रोतेहो, साडेसात हजार ही काही मोठी रक्कम नाही. पण त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टरवाला, किराणा दुकानदार, शाळेची व्हॅन चालवणारा, असे किती जण विचारत नसतील? कागद इंग्रजीत आहे, अक्षर बारीक आहे, आणि समोरच्या माणसाने टाय लावला आहे, एवढ्यावरच आपण गप्प बसतो. मी तर बी.ए. झालेला, शब्दांवर जगणारा माणूस. एका मात्रेसाठी संपादकाशी भांडणारा. मीच न वाचता सही करत असेन, तर दुसऱ्याला काय बोलू?

अम्मीची शस्त्रक्रिया अडीच महिने उशिरा झाली. व्यवस्थित झाली. पण ते अडीच महिने त्या भिंत चाचपत न्हाणीघराकडे जायच्या, ते मी रोज पाहत होतो. त्याची भरपाई कोणत्याच तक्त्यात नाही.

यंदा पॉलिसीचं नूतनीकरण करायला गेलो तेव्हा एजंटाने नेहमीप्रमाणे सहीच्या जागी फुली मारून कागद पुढे सरकवला. मी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. तो घड्याळाकडे पाहत राहिला. मग त्याने चहा सांगितला. तुमच्या घरीही असा एखादा कागद कपाटात पडलेला असेल. आज रविवार आहे. काढा आणि वाचा.