नाकाची साक्ष आणि लेबलाचा शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीत ज्वारी घेणारा माणूस आधी भाव विचारत नाही. पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, चोळतो, नाकाशी नेतो, एखादा दाताखाली फोडतो. मग विचारतो, ‘कोणत्या शिवारातली?’ परीक्षेच्या या दोन पायऱ्या आहेत. एक आपल्या इंद्रियांची आणि दुसरी विकणाऱ्याच्या शब्दाची. आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे तिला या दोन्ही पायऱ्या लागतात. ती वस्तू म्हणजे स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की, आणि त्यातही स्वतंत्र बाटलीकारांनी भरलेली. प्या असं सांगण्याचा हेतू नाही. न पिणाऱ्यालाही यातून घेण्यासारखं काही आहे, म्हणून बोलतो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. नाचणीचं सत्त्व करताना आपल्या घरी हेच करतात. स्कॉटलंडमध्ये ते सातूचं करतात. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारे घटक जागे होतात. काही ठिकाणी हे मोड पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून आपल्या गोवऱ्यांसारखा जाळतात. पुढे साखरेचं पाणी आंबवायचं, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं आणि निघालेला पाण्यासारखा पांढरा अर्क ओकच्या पिंपात भरायचा. कायद्याने तो तिथे किमान ३ वर्षं राहावा लागतो. पाणी आणि रंगापुरतं कॅरॅमल यांखेरीज त्यात काही मिसळता येत नाही. एकाच भट्टीचा, फक्त सातूच्या माल्टचा असेल तर तो सिंगल माल्ट.

आता हे स्वतंत्र बाटलीकार कोण? त्यांचं काम आपल्या आडत्यापेक्षा थोडं वेगळं. ते भट्टीकडून पिंपं विकत घेतात, सांभाळतात आणि स्वतःच्या नावाने बाटल्या भरतात. कॅडनहेड ही पेढी १८४२ मध्ये ॲबर्डीनला सुरू झाली, गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ मध्ये एल्गिनला. त्यातली दुसरी मूळची किराणा दुकान. मोठी कंपनी शेकडो पिंपं एकत्र करून दरवर्षी तीच चव देण्याचा प्रयत्न करते. स्वतंत्र बाटलीकार बहुधा एकच पिंप फोडतो. अडीचशे लिटरच्या पिंपातून तीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. त्या संपल्या की ती चव संपली. म्हणून लेबलावर भट्टीचं नाव, अर्क काढल्याचं आणि बाटलीत भरल्याचं वर्ष, पिंपाचा क्रमांक, मद्यार्काचं प्रमाण असं सगळं लिहिलेलं असतं. कधी मूळ भट्टी नाव वापरू देत नाही. एडिंबराच्या १९८३ सालच्या एका सोसायटीने तर नावाऐवजी आकडेच छापायची पद्धत पाडली: पहिला आकडा भट्टीचा, दुसरा पिंपाचा. नावाला भुलू नका, आधी चाखा, असा त्याचा अर्थ.

चाखायचं कसं? पेला खाली फुगीर, वर निमुळता घ्यावा. १५-२० मिलिलिटर पुरे. रंगाकडे फार पाहू नये. कॅरॅमलने तो गडद करता येतो, त्यावरून वय ठरत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून सावकाश वास घ्यावा. अशा बाटलीत मद्यार्क ५५-६० टक्केही असतो, घाईने हुंगलं तर नाक बधिर होतं. मग छोटा घोट जिभेवर फिरवावा. त्यानंतर थेंब थेंब पाणी. पाणी घालणं हा अडाणीपणा नाही. पिटाच्या धुरकट वासामागे ग्वायकॉल नावाचं द्रव्य असतं. पाणी वाढलं की ते पेल्यात पृष्ठभागाकडे सरकतं आणि नाकाला अधिक भेटतं, असं स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं.

इथे आपली अडचण होते ती शब्दांची. इंग्रजी पुस्तकात हेदरची फुलं, फ्रूट केक असं लिहिलेलं असतं. ज्याने हेदर पाहिलंच नाही त्याने ते का घोकावं? शेरीच्या पिंपातला माल्ट हुंगून ‘खारीक, काळ्या मनुका, जुना गूळ’ म्हणावं. धुराचा असेल तर ‘पावसाळ्यातली ओली चूल’, ‘आयोडीन लावलेली पट्टी’, ‘तव्यावर करपलेली भाकरी’ म्हणावं. हुरड्याच्या आगटीवर बसलेल्या माणसाकडे धुराच्या वासासाठी शब्द कमी पडणार नाहीत. चव ही आठवणीतून ओळखली जाते, आणि आठवण ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या भाषेतली.

भारतातही आता हे माल्ट होतात. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये थेट ग्लासगोत आपला माल्ट नेला. गोव्याचा पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनमध्ये आला. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातला वर्षाला सुमारे २ टक्के माल हवेत उडतो, आपल्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. म्हणून इथला माल्ट लवकर पिकतो आणि लवकर संपतो. २०२५ च्या जुलैमध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरची १५० टक्के जकात आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. म्हणजे ही लेबलं वाचायची वेळ अधिक लोकांवर येणार.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. खारीक कोणती, धूर कोणता, हे ओळखणारं नाक एका ठिकाणी पूर्ण हरतं. मिथेनॉल म्हणजे विषारी मद्यार्क. त्याचा वास आणि चव नेहमीच्या मद्यार्काहून ओळखण्याइतकी वेगळी नसते. परिणाम कळायला काही तास जातात, तोवर डोळे जायला लागलेले असतात. मुंबईत २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला हेच झालं. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, बहुतेक कष्टकरी. त्यांच्या पिशवीवर ना नाव होतं, ना साल, ना पत्ता. श्रीमंताच्या बाटलीवर पिंपाचा क्रमांकसुद्धा छापलेला आणि गरिबाच्या पिशवीवर काहीच नाही, हा फरक चवीचा नाही, जिवाचा आहे.

म्हणून लेबल ही हौस समजू नये. वस्तू कोणी केली, कधी केली, तिच्यात काय घातलं, हे छापून देणारा माणूस पकडला जाऊ शकतो. न छापणारा पसार होतो. आपल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही अर्थ हाच की दाण्यामागे गाव उभं राहिलं. तेल असो, तूप असो, बियाणं असो, आधी नाक वापरा. आणि नाक जिथे थांबतं तिथून पुढे विचारा, ‘कोणाचं? कुठलं? कधीचं?’ उत्तर मिळत नसेल, तर हात मागे घ्या.