सुरकुत्यांवर लेसर
चेहऱ्याची त्वचा उजळून तिला पुन्हा ताण देण्यासाठी वापरला जाणारा सर्वांत जोरकस लेसर म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली तो तयार केला कुमार पटेल यांनी. हे पटेल जन्माने बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले.

या लेसरच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही. त्वचेच्या पेशींतले पाणी हा किरण शोषून क्षणात उकळते आणि वरचा पातळ थर वाफ होऊन उडतो. खालच्या थराला उष्णता पोचली की त्वचेला ताण देणारे जुने कोलॅजन हे प्रथिन आक्रसते, नवे तयार होऊ लागते. हे काम काही महिने चालते.

पूर्वी सगळाच थर सोलला जाई आणि चेहरा कित्येक आठवडे लाल राही. २००४ मध्ये मांडल्या गेलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत केसाएवढे बारीक ठिपके पाडतात. मधल्या शाबूत त्वचेमुळे जखम लवकर भरते.

गव्हाळ, सावळ्या त्वचेवर मात्र काळे डाग उमटण्याचा धोका अधिक. म्हणून ऊर्जा बेताची ठेवतात, उन्हापासून कडक जपायला सांगतात. लोंबणाऱ्या गालांना, जाहिराती काहीही म्हणोत, फेसलिफ्टची शस्त्रक्रियाच लागते.