नमुन्याबरहुकूम हात

आग्नेय आशियातून परदेशी जाणाऱ्या, हाताने घडवलेल्या गृहसजावटीच्या वस्तूंच्या व्यापाराची चर्चा बहुधा जकात, बाजारपेठ आणि जहाजभाडे यांपासून सुरू होते. परंतु या व्यापाराचा खरा पेच त्याच्याही आधी, कारागिराच्या पडवीत ठेवलेल्या त्या एका वस्तूपाशी पडतो, जिला व्यापारात ‘मंजूर नमुना’ म्हणतात. खरेदीदाराने पाहून, मापून, खूण करून पक्क्या केलेल्या या नमुन्याची एक प्रत त्याच्याकडे जाते, दुसरी कारखान्यात राहते, आणि पुढे घडणारे दोन-तीन हजार नग त्याच्याबरहुकूम उतरतील असा करार होतो. खरेदीदाराला माल हाताचा हवा असतो, कारण हाताचा म्हणूनच तो चढ्या भावाने विकला जातो. आणि तो एकसारखाही हवा असतो, कारण छायाचित्राशी न जुळणारी वस्तू गिऱ्हाईक परत करते. या दोन मागण्यांतले अंतर कोण आणि कोणाच्या खर्चाने भरून काढतो, हा प्रश्न येथे मांडणे उचित ठरेल.

वेताचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. वेत ही ताडकुळातील काटेरी वेल असून तिच्या सालीच्या पट्ट्या खुर्चीच्या जाळीसाठी, तर आतला गाभा टोपल्या, दिव्यांची आच्छादने आणि आरशांच्या चौकटी विणण्यासाठी वापरला जातो. इंडोनेशियात वेल तोडली जाते ती प्रामुख्याने कालीमंतान आणि सुलावेसी या बेटांवरच्या जंगलांत, आणि विणली जाते ती जावा बेटावरच्या चिरेबोन शहराच्या परिसरात. कच्चा वेत देशाबाहेर जाऊ न देता त्याचा पक्का माल देशातच व्हावा, या हेतूने इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ मध्ये कच्च्या वेताच्या निर्यातीवर बंदी घातली, १९९८ च्या आर्थिक संकटात ती उठवली आणि १ जानेवारी २०१२ पासून पुन्हा लागू केली. हेतू निर्विवाद चांगला होता. मात्र या बंदीने विणणाऱ्याला स्वस्त माल मिळाला, तर तोडणाऱ्याचे परदेशी गिऱ्हाईक गेले आणि देशातला खरेदीदार देईल तो भाव त्याला पत्करावा लागला. एकाच वेलीच्या दोन टोकांना असलेल्या दोन कष्टकऱ्यांपैकी एकाचे हित साधताना दुसऱ्याची घासाघीस करण्याची ताकद काढून घेतली गेली, ही गोष्ट धोरणाचे गोडवे गाताना सहसा सांगितली जात नाही.

विणकामाची मजुरी बहुतांशी नगावर ठरते. इंडोनेशियात या पद्धतीला ‘बोरोंगान’ म्हणतात. मराठीतला ‘उक्ते’ हा शब्द तिच्या अगदी जवळचा आहे. निर्यातदार मुकादमाला काम देतो, मुकादम ते घरोघर वाटतो, आणि तपासणीत नापास झालेल्या नगाचा बोजा, कागदावर काहीही लिहिलेले असो, शेवटी घरी बसून विणणाऱ्या बाईच्या मजुरीवर येऊन पडतो. घरी बसून काम करणाऱ्या कामगारांना इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक मिळावी यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार संमत केला. परंतु त्याला मान्यता देणारी राष्ट्रे अजूनही मोजकीच आहेत.

मजुरीवरचा हा ताण समजण्यासाठी जहाजाचा हिशेब पाहावा लागतो. चाळीस फुटी उंच कंटेनरमध्ये सुमारे ७६ घनमीटर जागा असते, आणि वेताच्या टोपलीसारख्या हलक्या वस्तूचे भाडे वजनावर नव्हे, तर तिने अडवलेल्या जागेवर पडते. चाळीस सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची टोपली ०.०६४ घनमीटर जागा घेते. म्हणजे रिकाम्या फटी जमेस न धरताही एका कंटेनरमध्ये बाराशेहून थोड्या कमीच टोपल्या मावतात, आणि त्यांतून बहुतांशी हवाच प्रवास करते. म्हणून एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांच्या संचाचा आग्रह धरला जातो, कारण तेवढ्याच भाड्यात तिप्पट नग जातात. मात्र एकात एक बसण्यासाठी काठाचा घेर काटेकोर लागतो, आणि हाताच्या विणीत तोच सर्वांत आधी कमी-जास्त होतो. भाडे वाचवण्याची युक्ती अशा रीतीने विणणाऱ्याच्या बोटांकडून यंत्राची अचूकता मागते.

लाकडाच्या बाबतीत हीच ओढाताण हवामानामुळे होते. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील जेपारा हे गाव सागवानी कोरीवकामासाठी ख्यात आहे. तेथे जन्मलेल्या कार्तिनी (१८७९–१९०४) यांनी आपल्या गावच्या कारागिरांना नेदरलँड्समधले गिऱ्हाईक मिळवून देण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या पत्रांवरून दिसते की छायानाट्यातील आकृती लाकडात कोरायला कारागीर आधी भीत होते. म्हणजे दूरच्या खरेदीदाराच्या आवडीने नक्षी बदलण्याची गोष्ट काही आजची नाही. बदलली नाही ती लाकडाची प्रकृती. दमट किनाऱ्यावर उघड्यावर वाळवलेल्या लाकडात बारा ते अठरा टक्के ओलावा राहतो, तर हिवाळ्यात तापवलेल्या युरोपीय घरात ते सहा-आठ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मधल्या फरकाने लाकूड आकसते आणि कोरलेल्या फुलाच्या मधोमध भेग जाते. भट्टीत नीट वाळवणे हा यावरचा उपाय; पण भट्टीला वेळ आणि भांडवल लागते, आणि माल रवाना करण्याची तारीख मात्र युरोपातल्या सणाच्या खरेदीवरून ठरलेली असते.

फिलिपिन्समधून जाणाऱ्या शिंपल्याच्या वस्तूंशी मराठी आणि कोकणी वाचकांचे नाते जुने आहे. तेथे ‘कापिझ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अर्धपारदर्शक चकतीसारख्या शिंपल्याचे दिवे आणि झुंबरे आज जगभर विकली जातात. त्याच जातीच्या शिंपल्याच्या चकत्या लाकडी चौकटीत बसवून गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्या तयार होत, आणि मनिलातल्या जुन्या घरांच्याही. काच सुलभ झाली तशी गोव्यात ही कला मागे पडली. फिलिपिन्समध्ये तिने खिडकी सोडून छताखालचा दिवा धरला आणि निर्यातीच्या जोरावर ती टिकली. परदेशी मागणी कारागिरीचा नाशच करते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात आटोपता येईल. लाकडी खोक्यांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवावा लागतो, आणि तसा शिक्का नसलेले खोके बंदरात अडते. आत कितीही सुंदर माल असला तरी. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींवर आलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांची झळ आग्नेय आशियाप्रमाणेच भारतातील शिसवी वस्तूंच्या निर्यातदारांनाही बसली. असे नियम आवश्यक आहेत. फक्त त्यांची पूर्तता मोठ्या कारखान्याला जितकी सोपी, तितकी पाच माणसांच्या घरगुती उद्योगाला नसते.

मग करारात काय बदलावे? माप, रंग आणि विणीची घनता यांत किती फरक चालेल, याची मर्यादा खरेदीदार आणि निर्यातदार यांनी आधीच, विणणाऱ्यांना बरोबर बसवून, लिहून ठेवावी, आणि त्या मर्यादेतला नग नापास करण्याचा खर्च खरेदीदाराने सोसावा. मंजूर नमुन्यावर सगळी भिस्त ठेवण्याला एक व्यावहारिक अडचणही आहे. न रंगवलेला वेत उजेडाने आणि काळाने गडद होत जातो. परदेशातली प्रत खोक्यात बंद राहते, चिरेबोनची प्रत कारखान्याच्या भिंतीला टांगलेली असते, आणि तक्रार उद्भवल्यावर दोन्ही नमुने शेजारी ठेवले, तर त्यांचे रंग एकमेकांशीही जुळत नाहीत.