मुळशीचं पाणी आणि आपल्या पावत्या
(शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री एका पोरानं विचारलं, "कारखाना आला तर नोकऱ्या येतील, मग आपण विरोध का करायचा?" प्रश्न रास्त आहे. त्यावर पुणे जिल्ह्यातल्या मुळशीची गोष्ट सांगतो.

तेव्हा मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा. टाटा शेठनं हिशेब मांडला, सह्याद्रीवर एवढा पाऊस पडतो, तो अडवून खाली कोकणात सोडला की वीज तयार होईल. हिशेब खोटा नव्हता. जमशेटजी 1904 साली वारले, मुलगा दोराबजीनं काम पुढं नेलं. आधी खोपोलीला वीज झाली. मग मुळशीला मुळा नदीवर धरण ठरलं. तिथं गावं होती, भाताची खाचरं होती. ती बुडवायची का, हे गावांना कुणी विचारलं नाही.

16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती, "जान किंवा जमीन". पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. काम थांबलं. पण इंग्रज सरकारच्या हातात 1894 चा भूसंपादन कायदा होता. कंपनीसाठीसुद्धा त्यात जमीन घेता यायची. पुन्हा काम सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली. 1924 पर्यंत लढा चालला, मग मोडला.

का मोडला? नुसत्या पोलिसांमुळं नाही. बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. राबायचा मावळा, कागदावर सावकार. मोबदल्याची बोली निघाली तसे सावकार पैसे घ्यायला तयार झाले. एकीत तिथं फूट पडली. कसणाऱ्याच्या हाती जमीनही नाही, पैसाही नाही.

1927 साली भिऱ्याला वीज सुरू झाली. गिरण्या जोरात चालल्या, हजारोंना काम मिळालं, हे खरं आहे. पण काम मिळालं मुंबईत आणि खाचर बुडालं मुळशीत. म्हणून पोरा, नोकऱ्या किती हे विचारायच्या आधी विचार, नोकरी कुणाला आणि जमीन कुणाची?

आता आपलं बघा. बाप-आज्यापासून प्लॉट आपण कसतो, सातबाऱ्यावर नाव नाही. उद्या कुणी शेठ आला, तर मावळ्यासारखी गत आपली होईल. म्हणून तीन गोष्टी करा.

फॉरेस्टवाल्यांनी दिलेल्या दंडाच्या पावत्या फेकू नका. दंड घेतला म्हणजे आपण तिथं कसत होतो, हे त्यांनीच लिहून दिलंय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधा, पावसात भिजू देऊ नका.

दावा लिहिताना घरातल्या बाईचं नावही लिहा. नांगर बाप्या धरतो, पण लावणी, निंदणी, कापणी कोण करतं?

आणि मोजणीवाला आला तर एकट्यानं अंगठा द्यायचा नाही. आधी पाड्याची बैठक, सगळ्यांसमोर कागद वाचायचा, मग काय ते ठरवायचं.

उद्या सकाळी निघायच्या आधी प्रत्येक पाड्यानं सांगायचं, पावत्या कुणाकडे ठेवल्यात. जिंदाबाद!