घर बांधताना निसर्गाला विचारात घ्या

(निसर्गस्नेही वास्तुरचना या विषयावरील व्याख्यानाचे लेखरूप)



नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द आता हमखास असतात. प्रवेशद्वारापाशी कारंजे, भिंतीवर हिरवळ, दिवाणखान्यात कुंड्या. याच इमारतीच्या पश्चिमेला मात्र काचेची सबंध भिंत असते आणि दुपारी तीन वाजता पडदे ओढून, दिवे लावून वातानुकूलन यंत्र सुरू करावे लागते. निसर्ग घरात आणणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथून सुरू होतो. निसर्ग ही घर सजवण्याची वस्तू नव्हे. ऊन, वारा, पाऊस आणि जमीन यांचा विचार करून घराची रचना ठरवणे, हे निसर्गाला घरात आणण्याचे पहिले पाऊल होय. कुंडी त्यानंतर येते.

आपल्या महाराष्ट्रातच या विचाराची तीन निरनिराळी रूपे दिसतात. कोकणात हवा दमट आणि पाऊस मुसळधार. तेथे जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, दोन्ही बाजूंना उतरती कौले आणि घराभोवती पडवी आली. पडवीमुळे पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. दमट हवेत घाम वाळण्यासाठी वारा खेळता लागतो, ही गरज त्या घराने ओळखली होती. देशावर दिवस तापतो आणि रात्र निवते. तेथील वाड्यांच्या भिंती जाड आणि मध्ये उघडा चौक. जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री चौकाची फरशी आणि सभोवतालचे छत आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडतात, गार झालेली जड हवा चौकात उतरते आणि सोप्यातून खोल्यांत शिरते. विदर्भात उन्हाळा कडक पण कोरडा. म्हणून तेथे वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत रुळली. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. नागपुरात गारवा देणारी हीच ताटी मुंबईत निरुपयोगी ठरते, कारण तेथील हवेत आधीच बाष्प भरलेले असते. एकाच राज्यात घराची तीन उत्तरे निघतात, कारण प्रश्न तीन आहेत.

आता या विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. निसर्गाचा सहवास मनाला बरा वाटतो, हे सर्वजण म्हणतात. पण त्याला पुरावा आहे काय? रॉजर उल्रिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, प्रकृती आदी बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. तरीही रुग्णालये आणि शाळा बांधणाऱ्यांना त्याने खिडकीकडे नव्याने पाहायला लावले.

कुंड्यांच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती फार झाली आहे. घरातील झाडे हवा शुद्ध करतात, हा समज मुख्यतः १९८९ च्या ‘नासा’च्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग लहानशा बंद पेटीत झाले होते. आपले घर तसे नसते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांची एकत्र छाननी झाली. दारे-खिडक्यांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीपुढे कुंडीतील झाडाचा परिणाम नगण्य ठरतो, असे तीत आढळले. तेव्हा झाडे अवश्य लावावीत, मुलांना पाणी घालायला शिकवावे, परंतु त्यांच्या भरवशावर खिडकी बंद ठेवू नये.

येथे परंपरेविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘जुने ते सोने’ म्हणून भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरू शकत नाही. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली दबली. उन्हापासून राखणाऱ्या त्या जाड भिंती गोल दगडांच्या होत्या. दगड मातीत बसवलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधणारे लांब दगड नाहीत. माळवदावर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. ते सारे ओझे खाली आले. तेथेही जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे दिसली.

सुमारे सव्वासात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छमध्ये याहून मोठा भूकंप झाला. तेथील बन्नी भागातील भुंगे, म्हणजे मातीच्या गोल भिंतींची आणि गवताने शाकारलेल्या छपराची घरे, मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली. भुंग्याचा आकार गोल असल्याने धक्का साऱ्या भिंतीत वाटला जातो आणि छप्पर हलके असल्याने पडले तरी जीव घेत नाही. किल्लारीत दोष मातीचा नव्हता. निसर्गाच्या एका शक्तीचा, उन्हाचा, विचार झाला आणि दुसऱ्या शक्तीचा, धरणीकंपाचा, झाला नाही. निसर्गस्नेही घर म्हणताना दोन्हींची आठवण ठेवावी लागते. माती किंवा दगड वापरायचा तर जोडदगड, भिंतीभोवतीचा सलग पट्टा आणि हलके छत यांत तडजोड नको.

किल्लारीनंतर मराठवाड्यात काँक्रीटवरचा विश्वास वाढला, ते स्वाभाविकच होते. काँक्रीटला शत्रू मानण्याचे कारण नाही. उंच इमारतीला त्याच्याविना गत्यंतर नाही. पण त्याची किंमत ठाऊक हवी. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजावी लागते आणि जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा सात ते आठ टक्के आहे. म्हणून जेथे गरज आहे तेथेच आणि गरज आहे तेवढेच, हा विवेक हवा.

हा विवेक लॉरी बेकर यांनी आयुष्यभर जपला. १९१७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेला हा वास्तुविशारद भारतात आला आणि येथलाच झाला. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हा महात्मा गांधींचा विचार त्यांनी मनावर घेतला. केरळमध्ये त्यांनी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. खिडक्यांऐवजी त्यांनी अनेक ठिकाणी विटांच्या जाळ्या केल्या, वाटेतले झाड न तोडता भिंतच वळवली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. तेथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजची वास्तू आजही त्यांच्या विचाराची साक्ष देते.

आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःचे घर शून्यापासून बांधण्याची संधी मिळणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु गावोगावच्या जुन्या सोसायट्यांत आज पुनर्विकासाच्या सभा होत आहेत. तेथे चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची. त्याच सभेत आणखी काही प्रश्न विचारता येतील. प्रत्येक घराला समोरासमोर हवा मिळणार काय? पश्चिमेच्या खिडक्यांना उभी आडोशाची रचना आहे काय? दक्षिणेचे ऊन वरच्या छज्जाने अडते, पण मावळतीचे ऊन तिरपे येते आणि त्याला छज्जा पुरत नाही. गच्चीवर पांढरा लेप किंवा पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवणार काय? आवारातील मोठी झाडे नकाशात दाखवली आहेत काय? पावसाचे पाणी जमिनीत मुरायला उघडी माती शिल्लक राहणार आहे, की सारे आवार फरसबंद होणार? केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तीत घालून दिली आहे. आपला आराखडा तीत बसतो काय, हे विकासकाला विचारण्यास कोणी अडवलेले नाही.

भिंत एकदा उभी राहिली की पुढची पन्नास वर्षे तिचे विजेचे बिल कुटुंबाने भरायचे असते आणि तिची उष्णता घरातील वृद्धांनी व लहानग्यांनी सोसायची असते. हे प्रश्न विचारण्याची वेळ नकाशावर सही करण्यापूर्वीची आहे. पुढच्या सभेला जाताना कोणी तरी होकायंत्र सोबत न्यावे आणि आधी पश्चिम कोठे आहे ते पाहावे, एवढीच विनंती.