पुरळ मावळले, तरी तपासणी थांबवू नका

(बालआरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



मुलाच्या पायांवर आणि कुल्ल्यांवर लाल-जांभळे ठिपके उठले की घरात पहिला तर्क होतो तो पित्ताचा किंवा उष्णतेचा. परंतु पित्ताच्या गांध्या बोटाने दाबल्या की फिकट होतात. हे ठिपके दाबूनही तसेच राहतात, कारण तेथे त्वचेखाली रक्त झिरपलेले असते. सोबत गुडघे-घोटे सुजले, पोटात कळा येऊ लागल्या, तर 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' या विकाराची शंका घेतली पाहिजे. शोनलाइन यांनी १८३७ मध्ये आणि हेनॉख यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणून 'हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा' हे जुने नाव आजही कानी पडते. बालवयातील रक्तवाहिन्यांच्या दाहांमध्ये हाच सर्वाधिक आढळतो.

अनेकदा सर्दी-खोकल्यानंतर हा विकार उद्भवतो. आयजीए नावाची प्रतिपिंडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात आणि तेथे दाह होतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात. खरा धोका येथेच आहे. पुरळ जाते, मूल खेळू लागते आणि घरचे निश्चिंत होतात. मात्र हीच प्रतिपिंडे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांतही साचू शकतात, आणि ती इजा दुखत नाही. कोऱ्या चहासारखी लघवी, डोळ्यांभोवतीची सूज ही लक्षणे प्रत्येकात दिसत नाहीत. आरंभी तर लघवी डोळ्यांना स्वच्छच वाटते. त्यातील रक्तपेशी व प्रथिने केवळ तपासणीतच कळतात.

२००५ मध्ये १,१३३ मुलांच्या नोंदींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सुमारे ३४ टक्के मुलांच्या लघवीत दोष आढळला. त्यांपैकी ८५ टक्क्यांत तो पहिल्या चार आठवड्यांत, तर ९७ टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत दिसून आला. ज्यांची लघवी निर्दोष राहिली, त्यांच्यापैकी कोणाच्याही मूत्रपिंडाला कायमची इजा झाली नाही. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा तीव्र विकार झाला, त्यांच्यापैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला ती झाली.

म्हणून सहा महिन्यांचा नियम पाळावा. पहिला महिना दर आठवड्याला, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने सकाळची पहिली लघवी तपासावी आणि रक्तदाब मोजावा. लघवीत बुडवायच्या पट्टीची ही तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. प्रत्येक निकाल तारखेसह वहीत नोंदवावा. दोष आढळल्यास प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. प्रथिने फार असतील, ती टिकून राहिली किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावले, तर बालमूत्रपिंडतज्ज्ञ सुईने मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासतात. या तपासणीला पालकांनी घाबरू नये. उपचारांची दिशा तीवरूनच ठरते.

पुरळ दिसताच स्टिरॉइड दिल्यास मूत्रपिंड वाचेल, अशी एके काळी आशा होती. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती फोल ठरली. म्हणजे सरसकट स्टिरॉइड हा तपासणीला पर्याय नव्हे. इजा सिद्ध झाल्यावर मात्र तिच्या तीव्रतेनुसार औषधे योजतात: प्रथिनांची गळती कमी करणारी एनालाप्रिलसारखी औषधे, प्रेडनिसोलोन, गंभीर प्रसंगी शिरेतून स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे. स्टिरॉइड मनाने अचानक बंद करू नये. सांधे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. घटक ठाऊक नसलेली भस्मे-चूर्णेही देऊ नयेत. पोटात असह्य वेदना झाल्या किंवा शौचातून रक्त पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्या मुलींना बालपणी मूत्रपिंडाचा हा विकार झाला, त्यांच्या मातांना एक सांगणे आहे. ती वही जपून ठेवा. पुढे गर्भारपणात अशा मुलींचा रक्तदाब वाढण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा डॉक्टरांना हा पूर्वेतिहास कळलाच पाहिजे.

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विनंती अशी की, असे पुरळ येऊन गेलेले मूल आढळले तर एवढेच विचारा: "लघवी शेवटची कधी तपासली?" उत्तर मिळाले नाही, तर त्याच आठवड्यात तपासणी करवून घ्या. वेळीच कळलेली इजा बहुधा आटोक्यात येते. उशिरा कळलेलीचे ओझे मुलाला आयुष्यभर वाहावे लागू शकते.